घाण्याचा बैल आणि सात वेळा जिंकलेला मिस्त्री

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

२७ मेच्या अंकात क्रीडा पानाच्या अगदी तळाशी, कबड्डीच्या निकालांखाली, इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या मोटार शर्यतीची चार ओळींची बातमी आपण छापलीत. छापलीत याबद्दल आधी आभार. स्पेनचा ॲलेक्स पालो जिंकला हे बरोबर. ही शर्यत जिंकणारा तो पहिला स्पॅनिश ड्रायव्हर, हे मात्र राहून गेलं. तेही चालेल. पण शेवटी आपल्या प्रतिनिधींनी पदरचं एक वाक्य घातलंय, की घाण्याच्या बैलासारखं दोनशे वेळा डावीकडे वळायचं, एवढंच या शर्यतीतलं कौशल्य. ते वाचता वाचता माझा चहा गार झाला. एक तर हिशेब चुकलाय. फेऱ्या दोनशे, फेरीला वळणं चार, म्हणजे आठशे वेळा. आणि दुसरं म्हणजे आपल्या प्रतिनिधींनी घाणाही पाहिलेला दिसत नाही.

मी पाहिलाय. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात तेल्याच्या वाड्यात लाकडी घाणा होता. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधलेली असायची आणि तेली आत ओसरीवर गिऱ्हाईक करत बसलेला असायचा. बैलाकडे त्याचं लक्ष नसायचं, पण कान घाण्याकडे. लाकडाची कुरकुर जरा बदलली की बोलता बोलता उठून यायचा. बैल काय करत होता ते सगळ्या गावाला दिसायचं, तेली काय करत होता ते कुणाला दिसायचं नाही. तेव्हा आपली उपमा मी परत करत नाही, ठेवून घेतो. फक्त तिच्यातला तेली आपण विसरलात, त्याच्याबद्दल हे पत्र आहे.

माझा जन्म १९५२ चा. औंधच्या आयटीआयमधून १९७१ साली कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये अप्रेंटिस म्हणून लागलो आणि पुढे जवळजवळ सगळी नोकरी टेस्ट बेडवर झाली. म्हणजे जोडून आलेलं इंजिन डायनामोमीटरला, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राला लावायचं, चालू करायचं, लोड द्यायचा, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, धूर, आवाज बघायचा आणि मग ते पास किंवा नापास करायचं. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली की आतलं बेअरिंग बोलतं, हे तिथे शिकलो. नापास केलं की असेंब्लीवाले दोन दिवस बोलत नसत.

१९७८ च्या सुमाराला अमेरिकेहून ट्रेनिंगसाठी आलेल्या एका इंजिनिअरने आम्हाला एका गाडीचा फोटो दाखवला होता. लांबट, जमिनीला पोट टेकल्यासारखी, चाकं चारी बाजूंनी उघडी, अंगावर २८ आकडा. आत कुठलं इंजिन असेल, ओळखा म्हणाला. कुणालाच सांगता आलं नाही. आम्ही रोज ज्याच्या घराण्यातली इंजिनं पास करत होतो ते होतं ते. सहा सिलिंडरांचं, ६.६ लिटरचं कमिन्स डिझेल, कुशीवर निजवलेलं. ट्रकच्या जातीचं इंजिन शर्यतीच्या गाडीत! साल सांगितलं १९५२. माझ्या जन्माचं साल म्हणून ते डोक्यात बसलं, आणि मग हा नाद लागला तो अजून सुटलेला नाही.

त्या गाडीची हकीकत अशी. फ्रेड अगाबाशियन नावाच्या ड्रायव्हरने पात्रता फेरीत ती ताशी १३८.०१० मैलांनी, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटरने पळवली आणि पहिल्या रांगेतली पहिली जागा, पोल, मिळवली. बाकीच्या सगळ्या शर्यती गाड्यांना मागे टाकून डिझेल पुढे! वर या शर्यतीत टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लावून उतरलेली ती पहिलीच गाडी. इंजिन आडवं केल्यामुळे गाडीची उंची घटली, आणि इंजिनाकडून चाकांकडे जाणारा दांडा डाव्या बाजूने गेल्यामुळे ड्रायव्हरलाही खाली बसता आलं. पण शर्यतीच्या दिवशी ७१ फेऱ्यांनंतर सगळं संपलं. टर्बोची हवा खेचायची जागा पुढे, खाली, रस्त्यालगत होती. पुढच्या गाड्यांच्या टायरचा भुगा आणि धूळ आत ओढली जाऊन ती वाट बुजली. हवा कोंडली की डिझेल काय करतं ते ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा : काळा धूर सोडतं आणि बसतं. त्यानंतर तिथे डिझेल गाडी पुन्हा उतरली नाही. इतकी हुशार माणसं, आणि अडली कुठे तर हवेच्या तोंडाशी. टेस्ट बेडवरच्या माणसाला हे वाचून हसू येत नाही, पोटात कालवतं.

त्या दिवशीची शर्यत ट्रॉय रटमन जिंकला. वय २२, आजवरचा सर्वांत तरुण विजेता. जिंकला तो बिल व्हुकोविचच्या गाडीचं स्टिअरिंग शेवटच्या नऊ फेऱ्या उरलेल्या असताना तुटलं म्हणून. रटमनच्या गाडीचा मुख्य मिस्त्री क्ले स्मिथ. हे नाव मी मुद्दाम लिहितोय.

याच्या आधी, १९३१ साली, क्लेसी कमिन्स यांनी ड्यूसेनबर्ग गाडीच्या सांगाड्यात बोटीसाठी केलेलं चार सिलिंडरांचं डिझेल बसवून पाठवलं होतं. जिंकायचा प्रश्नच नव्हता, १३ वा नंबर आला. पण डेव्ह इव्हान्सने ती गाडी पाचशे मैल एकदाही न थांबता नेली. इंधनाला नाही, टायरला नाही, कशालाच नाही. असं त्या शर्यतीत पूर्वी कुणी केलं नव्हतं. सरासरी ताशी ८६ मैल, म्हणजे पावणेसहा तासांच्या वर एका जागी बसून. जोडीला शेजारच्या सीटवर मेकॅनिक थेन हाउसर. पावणेसहा तास तोही बसलाच होता की! आणि हे क्लेसी कमिन्स त्या मैदानाला नवखे नव्हते. १९११ ची पहिली शर्यत जिंकणाऱ्या गाडीच्या पिटमध्ये, म्हणजे मध्ये थांबून टायर-इंधन घ्यायच्या जागेवर, ते तरुण मेकॅनिक म्हणून राबले होते. पुढे १९१९ मध्ये त्यांनी इंडियानातल्याच कोलंबस गावी इंजिनाची कंपनी काढली, आणि तिची पुण्यातली शाखा १९६२ ची. म्हणजे कोथरूडमधल्या माझ्या हाताच्या घट्ट्यांचं नातं त्या मैदानाशी असं लांबून का होईना पोचतं.

आता मैदानाविषयी. ते काही श्रीमंतांच्या हौसेसाठी बांधलेलं नाही. १९०९ साली ज्या चौघांनी ते बांधलं त्यांत कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन हे मोटारीच्या दिव्यांसाठी ॲसिटिलीन गॅस, म्हणजे आपल्या भाषेत कार्बाइडच्या दिव्यातला गॅस, नळकांड्यांत भरून विकायचे. आर्थर न्यूबी नॅशनल मोटारीच्या कारखान्याचा, आणि फ्रँक व्हीलर कार्ब्युरेटरवाला. त्या काळी इंडियानात मोटारींचे कारखाने भराभर निघत होते, आणि गाडी जोरात पळवून बघावी असा रस्ता नव्हता. तेव्हा हा एक मोठा टेस्ट बेडच म्हणा. अडीच मैलांची फेरी, दोन लांब सरळ, दोन आखूड सरळ आणि पाव पाव मैलाची चार वळणं. वळणाला उतार ९ अंश १२ मिनिटांचा. ओव्हल म्हणतात, पण कोपरे गोल केलेला पाटच तो.

सुरुवात वाईट झाली. पहिला पृष्ठभाग खडी आणि डांबराचा होता. ऑगस्ट १९०९ च्या शर्यतींत तो उखडला आणि पाच जण गेले. त्यांत दोन मेकॅनिक होते : हॅरी होलकॉम्ब आणि क्लॉड केलम. मग मालकांनी तो सगळा रस्ता विटांनी बांधून काढला, ३२ लाख विटा, ६३ दिवसांत. एक वीट सव्वाचार किलोची. आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं काम किती दिवस चाललंय ते इथे लिहीत नाही, विषय भरकटेल. १९६१ पर्यंत सगळीकडे डांबर आलं. आता सुरुवातीच्या रेषेवर तीन फुटांची विटांची पट्टी तेवढी उघडी ठेवली आहे, जिंकलेले लोक तिथे ओणवे होऊन तिचा मुका घेतात.

पहिली पाचशे मैलांची शर्यत ३० मे १९११ ला झाली. चाळीस गाड्या. रे हॅरून जिंकला, ६ तास ४२ मिनिटं ८ सेकंद, सरासरी ताशी ७४.६ मैल. तो स्वतः इंजिनिअर होता आणि त्याची मार्मन गाडी एकट्याला बसायची. बाकी सगळ्यांच्या शेजारी मेकॅनिक, जो मागून कोण येतंय ते बघायचा. हा एकटा येणार, मागचं कसं बघणार, म्हणून इतरांनी तक्रार केली. तेव्हा त्याने गाडीवर एक आरसा बसवला. मोटारीतल्या मागचं बघायच्या आरशाची ही गोष्ट सगळे सांगतात. पण विटांवर गाडी इतकी थरथरायची की आरशात धड काही दिसतच नव्हतं, हे हॅरूनने नंतर स्वतःच सांगून टाकलं. ते कुणी छापत नाही. त्याच शर्यतीत तेराव्या फेरीच्या आत सॅम डिक्सन हा मेकॅनिक गाडीतून फेकला जाऊन मेला. तेही कुणी छापत नाही.

१९१२ ते १९२२ आणि पुन्हा १९३० ते १९३७ मेकॅनिकला शेजारी बसवणं सक्तीचं होतं. त्याचं काम काय? हाताने पंप मारून दाब टिकवायचा, टायर कधी फाटेल ते बघायचं, मागचा जवळ आला की ड्रायव्हरला खुणावायचं. स्टिअरिंग त्याच्या हातात नाही आणि ब्रेकवर त्याचा पाय नाही. दुसऱ्याच्या भरवशावर पाचशे मैल. मी आयुष्यभर इंजिनाच्या शेजारी उभा राहिलो, पण मला ते धाडस झालं नसतं.

१९१२ ची शर्यत तर या एका गोष्टीसाठी शाळेच्या पुस्तकात घालावी. राल्फ डी पाल्मा मर्सिडीझ घेऊन तिसऱ्या फेरीपासून जो पुढे गेला तो १९६ फेऱ्या पुढेच. शेवटच्या दोनच फेऱ्या उरलेल्या, आणि कनेक्टिंग रॉड तुटला. हे शब्द वाचताना टेस्ट बेडवरच्या कुठल्याही माणसाच्या कानात तो आवाज होतो. रॉड तुटला की तो नुसता तुटत नाही, क्रँककेस फोडून बाहेर येतो. गाडी थांबली. डी पाल्मा आणि त्याचा मेकॅनिक रूपर्ट जेफकिन्स दोघं खाली उतरले आणि प्रचंड गर्दीसमोर ती गाडी ढकलत ढकलत पिटकडे आणू लागले. तेवढ्यात जो डॉसन नॅशनल गाडी घेऊन पुढे गेला. दोनशेपैकी दोनच फेऱ्या तो पुढे होता, नेमक्या शेवटच्या दोन. त्या फोटोत दोन माणसं ढकलताना दिसतात. डी पाल्माचं नाव सगळ्यांना माहीत, दुसऱ्याचं विचारून बघा.

(त्याच वर्षी दहाव्या नंबरच्या राल्फ मलफर्डला बक्षिसासाठी पूर्ण पाचशे मैल करावेच लागतील असं सांगितलं. बाकी सगळे घरी जायला निघाले आणि हा एकटा रेंगाळत फिरतोय, मध्ये थांबून तळलेली कोंबडी खाऊन पुन्हा फिरतोय. पावणेनऊ तासांच्या वर लागले. बैलाची उपमा याला चालेल.)

मधल्या काळात नियम, मालक, इंजिनं खूप बदलली, ते सगळं लिहीत बसत नाही. महायुद्धात मैदानावर गवत माजलं होतं. टोनी हुलमन यांनी १९४५ मध्ये ते साडेसात लाख डॉलरला घेतलं आणि शर्यत पुन्हा सुरू केली. पण एका इंजिनावर मला थांबू द्या. त्याचं नाव ऑफनहाउझर, लाडाने ऑफी. हॅरी मिलर, त्याचा ड्राफ्ट्समन लिओ गूसन आणि कारखान्यातला फ्रेड ऑफनहाउझर, या तिघांचं ते काम. चार सिलिंडर, बस. १९४७ ते १९६४, सलग अठरा वर्षं, प्रत्येक शर्यत त्याच इंजिनाने जिंकली. कारण विचाराल तर माझ्या मते एकच, सिलिंडर हेड वेगळं नव्हतंच. हेड आणि ब्लॉक एका ओतीव तुकड्यात. हेड नाही तर सांध्यात बसवायचं हेड गॅस्केट नाही, आणि गॅस्केट नाही तर ते जळण्याचा प्रश्न नाही. आमच्याकडे नापास झालेल्या इंजिनांतली निम्मी डोकेदुखी याच एका सांध्याची असायची. पुढे त्याच इंजिनाला टर्बो लावला, १९६८ साली बॉबी अन्सर त्यावर जिंकला, आणि सत्तरीच्या सुरुवातीला २.६ लिटरच्या त्या चार सिलिंडरांतून हजाराच्या जवळपास हॉर्सपॉवर काढत होते. तरी फुटलं नाही... म्हणजे फुटायचं, पण बाकीच्यांपेक्षा कमी.

आणि जॉर्ज सालिह. हा मशीनशॉपमधला माणूस. ऑफी इंजिन जवळजवळ आडवं निजवून गाडी करायची असं त्याच्या डोक्यात आलं. पैसे लावायला कुणी तयार होईना, तेव्हा त्याने कॅलिफोर्नियात घराच्या गॅरेजमध्ये ती गाडी स्वतः बांधली. १९५७ ला सॅम हँक्स तिच्यात बसून जिंकला, १९५८ ला जिमी ब्रायन. ड्रायव्हर दोन, गाडी तीच.

१९६७ ची गोष्ट उलट्या बाजूची. अँडी ग्रॅनाटेली यांनी गाडीत टर्बाइन बसवलं, हेलिकॉप्टरच्या जातीचं. आवाज नुसता सूं असा. पार्नेली जोन्स १७१ फेऱ्या पुढे होता, लोक वैतागले की आता पिस्टनची इंजिनं संपलीच. तीन फेऱ्या राहिल्या आणि गिअरबॉक्समधलं सहा डॉलरचं बेअरिंग गेलं. ए. जे. फॉइट जिंकला. बेअरिंग खरेदी करणाऱ्या आमच्या स्टोअरच्या माणसाला ही गोष्ट मी वर्षातून दोनदा तरी ऐकवायचो.

आता मुद्द्याचं. ड्रायव्हर म्हणून ही शर्यत सर्वाधिक चार वेळा जिंकणारे चौघं आहेत : फॉइट, अल अन्सर, रिक मिअर्स आणि हेलिओ कास्त्रोनेव्हेस. यांच्यावर पानं भरभरून येतात. आणि जॉर्ज बिग्नोटी? मुख्य मेकॅनिक म्हणून सात वेळा. १९६१ आणि १९६४ फॉइटबरोबर, १९६६ ग्रॅहम हिलबरोबर, १९७० आणि १९७१ अल अन्सरबरोबर, १९७३ गॉर्डन जॉनकॉक, १९८३ टॉम स्नीव्हा. ड्रायव्हर पाच बदलले, पाना धरणारा हात एकच. आपल्या क्रीडा विभागात कुणाला हे नाव माहीत असेल तर मी माझ्या खर्चाने सगळ्यांना मिसळ खायला घालीन.

१९७३ लिहिलं आणि हात थांबला. त्या वर्षी स्वीड सॅव्हेजच्या गाडीने पेट घेतला आणि त्याच्याच संघातल्या ग्रॅहम मॅक्रेच्या पिटमधला पोरगा आर्मांडो टेरान सॅव्हेजकडे धावत सुटला. उलट्या दिशेने आलेल्या आगीच्या बंबाने त्याला उडवलं. पुढे महिनाभराने सॅव्हेजही गेला. त्याच्या आधी १९६४ मध्ये दुसऱ्याच फेरीत पेट्रोलच्या आगीत डेव्ह मॅकडोनाल्ड आणि एडी सॅक्स गेले होते. त्यानंतर गाड्या मिथेनॉलवर आल्या. मिथेनॉलची आग पाण्याने विझते, पण उन्हात तिची ज्वाळा दिसत नाही. १९८१ ला रिक मिअर्सच्या पिटमध्ये माणसं जळत होती आणि दुरून बघणाऱ्यांना वाटलं ती उगाच हातवारे करतायत. २००७ पासून इथेनॉल आलं. आमच्या वाळव्यातले ऊसवाले इथेनॉलच्या भावावर तावातावाने बोलतात तेव्हा मी हे सांगतो, कुणी विश्वास ठेवत नाही.

वळणांचं आपण म्हणालात. २०२३ च्या मे महिन्यात मी ती शर्यत डोळ्यांनी पाहिली. मुलगी कर्वेनगरच्या कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालयाची, आता त्याच कोलंबस गावी असते. पहाटे निघालो, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी सहाला फाटकं उघडताना तोफेसारखा बार होतो, सौ. म्हणाली दिवाळी का? तीन लाखांच्या घरात माणूस, शांतपणे आपापल्या पेट्या उचलून चाललेला. मुलीने कानावर लावायला जाड हेडफोन दिले होते. एका फेरीपुरते मी ते काढले. ३३ गाड्या, २.२ लिटरची सहा सिलिंडरांची ट्विन टर्बो इंजिनं, सरळावर ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. आवाज कानात येत नाही, छातीत येतो. मग मुलीने डोळे वटारले, परत लावले.

ओव्हलवरची गाडी सरळ जायला केलेलीच नसते. उजवीकडचं मागचं चाक डावीकडच्यापेक्षा किंचित मोठं असतं. निमुळता पेला फरशीवर आडवा लोटून बघा, तो आपोआप गोल फिरतो, तेच इथे. म्हणून सरळावर ड्रायव्हरला उलट उजवीकडे जोर द्यावा लागतो. वजनाची वाटणी तो बसल्या जागेवरून बटणाने बदलतो, कारण इंधन जळत जातं आणि टायर झिजतात. कागदावर चारी वळणं सारखी, पण वारा प्रत्येकाला वेगळा लागतो. समोरच्या गाडीच्या मागे चिकटलात तर हवा कमी लागते, वेग वाढतो, आणि पुढच्या पंखाखाली हवाच नसल्यामुळे नाक वळत नाही. चाकं उघडी असल्यामुळे एकाचं चाक दुसऱ्याच्या चाकाला लागलं की गाडी उडते. त्या दिवशी एका अपघातात निखळलेलं चाक तारेच्या कुंपणावरून, प्रेक्षकांच्या गॅलरीवरून उडून बाहेर पार्किंगमधल्या गाडीवर पडलं. आम्ही ते मोठ्या पडद्यावर पाहिलं. माणसाला काही झालं नाही, पण सौ.ने डबा तिथेच बंद केला. शेवटच्या फेऱ्यांत तीनदा लाल बावटा दाखवून शर्यत थांबवली, मग एका फेरीची शर्यत, आणि जोसेफ न्यूगार्डन सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी फरकाने पुढे.

आदल्या दिवशी मैदानातल्या संग्रहालयात १९११ ची ती मार्मन पाहिली. आरसा अजून आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो, मुलगी म्हणाली बाबा, चला. तिला मी तिथेच जेनेट गुथ्रीचं सांगितलं. भौतिकशास्त्र शिकलेली, विमान कंपनीत इंजिनिअर असलेली ही बाई १९७७ मध्ये या शर्यतीत उतरणारी पहिली. त्या वर्षी गाडीने २७ फेऱ्यांत दगा दिला. पुढच्या वर्षी मनगट मोडलेलं असताना नववी आली. १९७१ पर्यंत बायकांना तिथल्या गॅरेजात पाऊलही टाकू देत नसत. मी अप्रेंटिस लागलो ते साल. आमच्या शॉपमध्येही तेव्हा एकही बाई नव्हती, हे मुलीने बरोबर लक्षात आणून दिलं.

आपल्या बातमीत शर्यतीला फॉर्म्युला म्हटलंय. ही मालिका वेगळी, इंडीकार. पण आपण अगदीच चूक नाही, १९५० ते १९६० या शर्यतीचे गुण जागतिक अजिंक्यपदात धरत होते. त्या मैदानावर फॉर्म्युला वनही झाली आहे. २००५ साली ओव्हलच्याच एका वळणावर टायर टिकेनात म्हणून बऱ्याच गाड्या माघारी गेल्या, सहाच उरल्या, आणि आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. ती बातमी तेव्हा आपण मोठी छापली होती, कात्रण माझ्याकडे आहे.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या मेमध्ये विजेत्याचं नाव छापाल तेव्हा कंसात त्याच्या गाडीच्या मुख्य मेकॅनिकचंही छापा. जागा नसेल तर माझं हे पत्र निम्मं कापून जागा करा.

कळावे,
आपला,
टेस्ट बेडवरचा एक निवृत्त माणूस,
कोथरूड, पुणे

ता. क. : फोटोखाली आपण ‘शॅम्पेन’ लिहिलंय. बाटलीत दूध आहे. १९३६ साली तिसऱ्यांदा जिंकल्यावर लुई मेयर बाटलीतून ताक पीत असल्याचा फोटो पेपरात आला. उन्हातून आल्यावर ताक प्यायची त्याला लहानपणापासूनची सवय. दूधवाल्यांना वाटलं दूधच आहे, त्यांनी ती प्रथाच करून टाकली. १९९३ मध्ये एमर्सन फिटिपाल्डीने आधी संत्र्याचा रस प्यायला, तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. हल्ली ड्रायव्हरांना आधी विचारून ठेवतात, साईचं हवं की बिनसाईचं. ताक मात्र यादीत नसतं.